हात वर जात नाही तेव्हा
(एक शिक्षक, शनवारा, बुऱ्हाणपूर)

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यावर काही उपयुक्त मजकूर द्यावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी डॉक्टर नाही, शास्त्र शिकवणारा मास्तर आहे. तेव्हा ज्या विषयात पुस्तके वाचून व माणसे पाहून काही निश्चित सांगता येईल आणि ज्याची गरज आपल्या वस्तीत घरोघर आहे, असा एकच विषय मी निवडला. तो विषय म्हणजे खांदा.

खांदाच का, असे कोणी विचारील. आपल्या गावाचे पोट खांद्यावर चालते, हे त्याचे उत्तर. यंत्रमागावर उभा राहणारा कारागीर दिवसभर धोट्यातील कांडी बदलतो, तुटलेला धागा वाकून सांधतो आणि सुताचे वजनदार बीम दोघे-तिघे मिळून चढवतात. तापीकाठच्या मळ्यांतून निघालेला केळीचा घड वीस-पंचवीस किलोंचा असतो. तो माणसाच्याच डोक्या-खांद्यावरून गाडीपर्यंत जातो. रंगारी, गवंडी, पल्लेदार, सुतार यांचे हात तर दिवसभर डोक्याच्या वरच. घरातील स्त्रिया पाण्याच्या बादल्या उचलतात, ओले कपडे उंच दोरीवर टाकतात, वरच्या फळीवरचे डबे काढतात; पण त्यांचा खांदा दुखला तर तो ‘कामाचा’ खांदा धरला जात नाही. आम्हां शिक्षकांचेही हात फळ्यावर वरच असतात, पण आमचे दुखणे त्या मानाने चैनीचे समजावे.

खांदा दुखून दवाखान्यात गेलेल्या पुष्कळांच्या चिठ्ठीवर हल्ली ‘रोटेटर कफ’ असे शब्द लिहिलेले असतात. या शब्दांनी आमच्या मोहल्ल्यात एक गंमत केली. एका वृद्ध गृहस्थांनी ‘कफ’ एवढेच ऐकले आणि खांद्यात कफ साठला आहे असे समजून पंधरा दिवस इमानाने जोशांदा घेतला. खोकला नव्हताच, तो अर्थातच बरा राहिला. खांदा होता तसाच दुखत राहिला. येथला ‘कफ’ म्हणजे सदऱ्याच्या बाहीला मनगटाशी असतो तो कफ. बाहीचा कफ जसा मनगटाभोवती बसतो, तशी चार स्नायूंची टोके दंडाच्या हाडाच्या डोक्याभोवती बसलेली असतात, आणि हे स्नायू हात फिरवतात म्हणून ‘रोटेटर’.

खांद्याची रचना समजून घेतली तर पुढचे सारे सोपे होते. कमरेच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे डोके खोल वाटीत बसलेले असते. तो सांधा मजबूत, पण त्याची हालचाल बेताची. खांद्यात तसे नाही. येथे दंडाच्या हाडाचा मोठा गोळा फऱ्याच्या हाडावरील एका उथळ बशीला टेकलेला असतो. बशीवर लिंबू ठेवावे तसा हा प्रकार आहे. त्यामुळेच आपला हात पाठीमागे, डोक्यावर, समोर, बाजूला असा सर्व दिशांना जातो. शरीरात इतका मोकळा दुसरा सांधा नाही. पण लिंबू बशीवरून घसरू नये याची काळजी कोणी तरी घेतली पाहिजे. ती काळजी हे चार स्नायू घेतात. त्यांची नावे अवघड आहेत, पण चिठ्ठीवर दिसतात म्हणून देतो: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. चारही स्नायू फऱ्याच्या हाडापासून निघतात. पहिला हात बाजूस वर नेण्यास मदत करतो, मधले दोन हात बाहेरच्या बाजूस फिरवतात आणि चौथा आतल्या बाजूस फिरवतो. पण त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे दंडाचा मोठा गोलाकार स्नायू हात वर खेचू लागला की गोळा बशीच्या मध्यावर दाबून धरणे. हे काम नीट झाले नाही तर गोळा वर सरकतो आणि हात उचलताना वेदना होते.

स्नायूचे टोक हाडाला जेथे चिकटते तेथे त्याचा पांढरा, चिवट पट्टा बनतो. त्यास कंडरा म्हणतात. पहिल्या स्नायूची कंडरा खांद्याच्या माथ्यावरील हाडाच्या छज्जाखालून जाते. कापड विणणाऱ्या गावात हे सांगणे सोपे आहे. कंडरा म्हणजे ताण्याच्या धाग्यांसारख्या असंख्य बारीक तंतूंची पट्टी. तिला सूज येऊ शकते, तिचे काही धागे विरू शकतात, ती अर्धवट फाटू शकते, आणि ती आरपार फाटून हाडापासून सुटूही शकते. ‘रोटेटर कफची दुखापत’ या एका नावाखाली हे चारही प्रकार येतात. म्हणून शेजाऱ्याला जे झाले तेच आपल्याला झाले, असे केवळ नाव सारखे आहे म्हणून मानू नये.

कंडरा दोन वाटांनी बिघडते. एक वाट अचानक येते: माणूस हात टेकून पडतो, मोटारसायकल घसरते, सुटणारे ओझे झटक्याने सावरायला जातो, आणि खांद्यात काही तरी तुटल्यासारखे वाटते. दुसरी वाट वर्षानुवर्षांची आहे. चाळिशीनंतर कंडरेतील धागे हळूहळू झिजतात, तिचा रक्तपुरवठा मुळातच बेताचा असतो, त्यात रोजचे डोक्यावरचे काम आणि विडी-सिगारेट यांची भर पडते. मधुमेहही कंडरेला मानवत नाही.

या झिजेविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती कळली नाही म्हणून माणसे फार घाबरतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका पाहणीत खांद्याची कसलीच तक्रार नसलेल्या ४११ लोकांचे खांदे सोनोग्राफीने तपासण्यात आले. त्यांत २३ टक्क्यांच्या कंडरा फाटलेल्या निघाल्या! पन्नाशीतील लोकांत हे प्रमाण १३ टक्के होते आणि ऐंशीच्या पुढे ५१ टक्के. म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या निम्म्या लोकांची कंडरा फाटलेली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. केस पिकावेत तसाच हा प्रकार. तेव्हा साठीच्या माणसाच्या अहवालात ‘फाटली आहे’ असा शब्द आला म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे होत नाही, आणि ऑपरेशन ठरलेच असे तर मुळीच होत नाही.

आता लक्षणांकडे वळू. या दुखापतीची वेदना बहुधा खांद्याच्या टोकावर नसून दंडाच्या वरच्या, बाहेरच्या बाजूस जाणवते. रोगी आपला तळहात सबंध दंडावर फिरवून ‘इथे दुखते’ म्हणतो, बोटाने एक जागा दाखवत नाही. हात बाजूने वर नेताना मध्यावर, म्हणजे साधारण खांद्याच्या पातळीच्या आसपास कळ येते आणि त्याच्यावर गेले की पुष्कळदा कमी होते. रात्र वाईट जाते. त्या कुशीवर झोपता येत नाही. सदरा काढणे, वेणी घालणे, पाठीमागे हात नेऊन नाडी वा बटण लावणे अवघड होते. नमाजी माणसाला प्रथम कळते ते तकबीरच्या वेळी, हात कानापर्यंत नेताना. आणि मग सजद्यातून उठताना तळहातावर भार देताना. व्यायामशाळेत जाणाऱ्याला ते जोर मारताना कळते.

नुसते दुखणे आणि ताकद जाणे यांत मात्र मोठा फरक आहे. तांब्या धरून हात समोर उचलता येतो पण दुखते, ही एक स्थिती. दुसऱ्याने हात वर नेऊन दिला आणि सोडला की तो आपोआप खाली पडतो, धरून ठेवता येत नाही, ही दुसरी. ही दुसरी स्थिती आरपार फाटण्याची शंका निर्माण करते. विशेषतः पडल्यानंतर ती आली असेल तर एक दिवसही वाया घालवू नये.

खांदा दुखण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. सर्वांत मोठी गल्लत होते ती जखडलेल्या खांद्याशी, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेही लोकांत तो फार आढळतो आणि आपल्याकडे मधुमेह किती वाढला आहे हे सांगायला नको. दोहोंतील भेद घरीही बराचसा लक्षात येतो. कोपर बरगडीला लावून काटकोनात वाकवावे आणि दुसऱ्या माणसाने मनगट धरून हात सावकाश बाहेरच्या बाजूस फिरवावा. फाटलेल्या कंडरेच्या खांद्यात रोग्याला स्वतः ताकद लावता येत नाही, पण दुसऱ्याने फिरवला तर हात बहुधा फिरतो. जखडलेल्या खांद्यात तो कोणाच्याच हाताने फिरत नाही. बिजागरी गंजावी तसा अडतो. वेदना कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, मान वळवली की कळ जात असेल, तर मूळ दुखणे मानेत असण्याचा संभव अधिक. आणि हात हलवण्याशी काही संबंध नसताना डाव्या खांद्यात, दंडात दुखू लागले, सोबत छाती दडपली, घाम आला, श्वास लागला, तर तो खांदा समजून तेल चोळत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते आणि तेथे घटकांचा प्रश्न असतो. खांदा लाल, गरम होऊन ताप आला असेल, किंवा सांध्याचा आकारच बदललेला दिसत असेल, तरीही त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे.

येथे हाडे बसवणाऱ्यांविषयी लिहिणे भाग आहे. पहलवान मंडळींच्या हातात कसब असते, हे मी नाकारत नाही. आपल्या गावात युनानी वैद्यकाची जुनी परंपरा आहे, सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेज येथेच आहे, आणि सांधा उखडल्यावर तो कसा बसवावा याचा विचार जुन्या हकिमांनीही केलेला आहे. परंतु जी वस्तू फाटली आहे ती चोळून सांधली जात नाही. पडल्यानंतर ताज्या दुखापतीवर जोराने चोळणे आणि झटका देऊन हात ओढणे यात अर्धवट फाटलेली कंडरा आरपार फाटण्याचा आणि बारीक मोडलेले हाड सरकण्याचा धोका आहे. शनवाऱ्याजवळ राहणारे एक गृहस्थ केळीच्या गाडीवर माल चढवीत. पावसात पाय घसरून ते हातावर पडले. हात वर जाईना. दोन महिने मालिश झाले, लेप झाले, गंडा झाला. नंतर तपासणी झाली तेव्हा कंडरा हाडापासून सुटून आत खेचली गेली होती आणि स्नायूची जागा चरबीने घ्यायला सुरुवात केली होती. आता शिवली तरी टाका धरणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हल्ली ते गाडीजवळ उभे राहून घड मोजतात. मला म्हणाले, “मास्टरसाब, हात वर जात नाही, पण हिशेब चुकत नाही.” त्यांची मजुरी मात्र पूर्वीच्या निम्म्यावर आली आहे, आणि घरात खाणारी तोंडे तितकीच आहेत.

त्या दोन महिन्यांतच सारे होते. अपघाताने आरपार फाटलेली कंडरा शिवायची असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांत शिवलेली बरी. उशीर होईल तसे टोक आखडते, स्नायू वाळतो. म्हणून पडल्यानंतर हात उचलण्याची ताकद गेली असेल आणि दोन-चार दिवसांत ती परत येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडेच जावे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा खांदा उखडला असेल आणि तो बसवल्यानंतरही हात उचलत नसेल, तर ही शंका आणखी बळावते. ‘खांदा बसला, आता दुखणारच’ असे म्हणून पुष्कळजण येथेच फसतात.

हळूहळू सुरू झालेल्या दुखण्याला इतकी घाई नसते. पहिल्या आठवड्यात ज्या हालचालीने कळ येते ती टाळावी, पण हात अजिबात बांधून ठेवू नये. गळ्यात झोळी घालून महिनाभर बसलेला माणूस एक दुखणे घेऊन येतो आणि दोन घेऊन जातो, कारण न हलवलेला खांदा जखडतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. काहींना शेकाने बरे वाटते, त्यांनी शेकावे. झोपताना दुखऱ्या कुशीवर झोपू नये. उताणे झोपून कोपराखाली लहान उशी ठेवली किंवा दुसऱ्या कुशीवर वळून छातीशी उशी कवटाळली तर रात्र बरी जाते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल ठीक. औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या ‘जोरदार’ गोळ्या मात्र मूत्रपिंडाचा, जठरव्रणाचा, रक्तदाबाचा विकार असणाऱ्याने किंवा रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत. नमाजाविषयी मला दोन-तीन वडीलधाऱ्यांनी विचारले म्हणून लिहितो: आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत शरियतने दिलेली आहे. ज्याचे समाधान एवढ्याने होत नसेल त्याने आपल्या मौलानांना विचारावे. पण सजद्यात दुखऱ्या हातावर भार टाकून कळ सोसण्यात पुण्य अधिक मिळते, अशी समजूत करून घेऊ नये.

तपासण्यांविषयी थोडक्यात. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, कंडरा दिसत नाही. तरी पडल्यानंतर हाड मोडले आहे काय हे पाहण्यासाठी ते काढावेच लागते. कंडरा सोनोग्राफीत दिसते, आणि ती एम.आर.आय.पेक्षा पुष्कळच स्वस्त असते. मात्र पाहणारा डॉक्टर खांद्याच्या सोनोग्राफीत सरावलेला हवा. एम.आर.आय. सर्वांत स्पष्ट, पण त्याची गरज मुख्यतः शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हाच. चांगल्या डॉक्टराला हात कसा उचलता, कसा फिरवता हे पाहूनच बहुतेक अंदाज येतो. आधी एम.आर.आय. काढून मग इंदूर किंवा जळगावला डॉक्टर शोधायचा, हा आपल्याकडील क्रम उलटा आहे.

आता उपचारांचा कणा म्हणजे व्यायाम. त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण तो फुकट आहे आणि म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

पहिला व्यायाम लोलकाचा. निरोगी हात टेबलावर टेकून कमरेत वाकावे, दुखरा हात घड्याळाच्या लोलकासारखा खाली सैल सोडावा आणि अंग हलवून त्याला लहान लहान वर्तुळांत झोका द्यावा. हात स्वतः उचलायचा नाही. एक-दोन मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. हे जमू लागले की टेबलावर फडके ठेवून दोन्ही हात पुढे सरकवावेत. मग काठी दोन्ही हातांत आडवी धरून निरोगी हाताने दुखऱ्याला वर ढकलावे. मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढावी, आणि आज बोटे कोठवर गेली तेथे पेन्सिलीने खूण करावी. ही खूण फार उपयोगी असते. मनाला वाटते काहीच फरक नाही, आणि भिंत सांगते की चार बोटे वर गेलो.

हालचाल मोकळी होत आली की ताकदीचा व्यायाम. कोपर बरगडीला लावून, काटकोनात वाकवून, दाराच्या चौकटीत उभे राहावे आणि मनगटाची बाहेरची बाजू चौकटीवर दाबावी. हात हलू द्यायचा नाही. दहा अंक मोजून सोडावे, असे दहादा. तसेच तळव्याने आतल्या बाजूस. काही दिवसांनी रबरी पट्टा घ्यावा. दुकानात तो महाग मिळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली तरी काम भागते, फक्त ती चिरलेली नसावी, नाही तर ताणताना सुटून डोळ्यास लागेल. पट्टी खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधावी, कोपर आणि बरगडी यांमध्ये घडी केलेला टॉवेल धरावा, आणि हात सावकाश बाहेरच्या बाजूस ओढून त्याहून सावकाश परत आणावा. मग तोंड फिरवून आतल्या बाजूस. दहा ते पंधरा वेळा, थोडी विश्रांती घेऊन तीनदा, एक दिवसाआड. शिवाय दोन्ही फरे पाठीमागे एकमेकांजवळ आणून धरण्याचा सराव करावा. खांद्याचा पाया फऱ्यावर आहे, तो पोक काढून बसणाऱ्याचा कायम ढळलेला असतो. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणे उतरले नाही तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून कमी करावे, सोडून मात्र देऊ नये.

फरक पडू लागायला सहा आठवडे आणि निकाल लावायला तीन महिने द्यावे लागतात. आठ दिवस करून ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे फार.

हे सारे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली होईल तर उत्तम. पण ज्यांना रोजचे जाणे-येणे व फी परवडत नाही त्यांच्यासाठी एक दिलासा आहे. इंग्लंडमध्ये या विकाराच्या ७०८ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला आणि २०२१ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या अपघाताने जखमी झालेले लोक घेतलेले नव्हते. काहींना सहापर्यंत भेटी देऊन व्यायाम शिकवला, काहींना एकाच भेटीत नीट समजावून घरी करण्यास सांगितले. वर्षाच्या शेवटी दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे एकदा चांगल्या माणसाकडून शिकून घ्यावे आणि घरी इमानाने करावे. त्याच प्रयोगात स्टिरॉईडच्या इंजेक्शनचीही परीक्षा झाली: आठ आठवड्यांपर्यंत त्याने थोडा आराम पडला, वर्षाअखेर फरक उरला नाही. रात्र रात्र झोप नसणाऱ्याला व्यायाम सुरू करता यावा म्हणून एखादे इंजेक्शन योग्य आहे. दर दोन महिन्यांनी घेत राहणे योग्य नाही, त्याने कंडराच कमजोर होते. आणि मधुमेह्याची साखर त्यानंतर काही दिवस चढते, हे आधी सांगून ठेवावे.

शस्त्रक्रियेचा इतिहास मनोरंजक आहे. खांद्यातील कंडरा फाटलेल्या आढळतात हे १८३४ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. पण या विषयाचा खरा अभ्यासक म्हणजे बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन. फाटलेली कंडरा शिवल्याचे त्यांनी १९११ साली लिहिले आणि १९३४ साली खांद्यावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. वर सांगितलेला लोलकाचा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या गृहस्थांचा आणखी एक हट्ट होता: प्रत्येक रोग्याची एका वर्षाने पुन्हा गाठ घ्यायची आणि आपल्या उपचाराचे खरोखर काय झाले ते लिहून ठेवायचे. साधी गोष्ट, पण तिच्यापायी त्यांचे बॉस्टनच्या वैद्यक मंडळींशी बिनसले. हिशेब मागणारा कोणालाच आवडत नाही.

१९७२ साली अमेरिकेतील चार्ल्स नीर यांनी असे मांडले की खांद्याच्या छज्जाचे हाड कंडरेवर घासते म्हणून ती बिघडते. त्यावरून ते हाड तासण्याच्या शस्त्रक्रिया जगभर लक्षावधींनी झाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगात काही रोग्यांचे हाड खरेच तासले आणि काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली, कोणाचे काय केले हे त्यांना न सांगता. सहा महिन्यांनी दोघांनाही सारखेच बरे वाटत होते! दुसऱ्या वर्षी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने नुसते हाड तासण्याची शस्त्रक्रिया करू नये अशी स्पष्ट शिफारस केली. तेव्हा कंडरा फाटलेली नसताना कोणी ‘हाड वाढले आहे, तासून घ्या’ असे सुचवील तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

फाटलेली कंडरा शिवण्याचा प्रश्न निराळा आहे. तेथे अपघात झाला होता की नाही, वय किती, फाटणे केवढे आणि हाताला काम कोणते, यांवर निर्णय अवलंबून असतो. फिनलंडमध्ये पंचावन्नच्या पुढील, अपघाताशिवाय कंडरा फाटलेल्या लोकांत व्यायाम घेणारे आणि शिवून घेणारे यांची तुलना झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास बरोबरीत होते. उलट नॉर्वेतील १०३ रोग्यांच्या पाहणीत दहा वर्षांनंतर शिवून घेतलेल्यांचे खांदे अधिक चांगले राहिले, कारण न शिवलेल्यांपैकी काहींचे फाटणे हळूहळू वाढत गेले. माझ्या वाचनाचा अर्थ मी असा लावतो: साठी-सत्तरीच्या, हलके काम करणाऱ्या माणसाने आधी तीन महिने व्यायाम करून पाहावा, चाळिशी-पन्नाशीचा, ओझ्यावर पोट भरणारा आणि पडून ताकद गेलेला माणूस असेल तर त्याने शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा.

शस्त्रक्रिया आता बहुतेक दुर्बिणीतून, लहान छिद्रांतून होते. छिद्रे लहान म्हणून विश्रांतीही लहान, असा गैरसमज सर्वत्र आहे. कंडरा हाडाला चिकटण्याचा वेग निसर्गाचा असतो. चार ते सहा आठवडे हात झोळीत, मग दुसऱ्याच्या आधाराने हालचाल, साधारण तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम आणि जड काम सहा महिन्यांच्या आसपास. २००६ सालच्या मार्चमध्ये सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडीजचा दौरा त्यांना सोडावा लागला, आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्धच नाबाद १४१ धावा काढून ते परतले. जगातील उत्तम डॉक्टर, उत्तम फिजिओ आणि घरी कसलीच विवंचना नसलेल्या खेळाडूलाही मैदानावर यायला सहा महिने लागले. आपला पल्लेदार तिसऱ्या आठवड्यात गोणी उचलतो आणि टाके तुटतात. शस्त्रक्रियेनंतर विडी ओढणाऱ्याची कंडरा चिकटण्यात अडचण येते, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

तो तिसऱ्या आठवड्यात गोणी उचलतो तो मूर्खपणाने नव्हे. किराणावाला उधारी देईनासा होतो म्हणून. यासाठी न्यासाच्या विश्वस्तांपुढे माझी एक सूचना आहे. वैद्यकीय मदतीचे पैसे आपण बहुधा तपासणीच्या आणि औषधांच्या पावतीवर देतो. पडून खांदा दुखावलेल्या मजुराला पहिल्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेण्याचे भाडे, आणि शस्त्रक्रिया झालीच तर नंतरच्या तीन महिन्यांचे घराचे रेशन, एवढे दोन खर्च आपण उचलले तर त्याचे शिवलेले टाके टिकतील. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी २०१८ पासून आयुष्मान भारत योजना आहे. पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्या कार्डावर मिळतात. मात्र खांद्याची ही विशिष्ट शस्त्रक्रिया त्या विशिष्ट रुग्णालयात कार्डावर होते काय, हे भरती होण्यापूर्वी तेथील आयुष्मान खिडकीवर विचारून घ्यावे. सोबत आधार, कार्ड, जुनी चित्रे व अहवाल आणि चालू औषधांची चिठ्ठी असावी. मधुमेह असल्यास अलीकडचा साखरेचा अहवालही न्यावा, कारण साखर आटोक्यात नसेल तर तारीख पुढे ढकलतात आणि गाडीभाडे वाया जाते.